निकाल नंतर बघा, आधी मुलाच्या वाट्याचे तास मोजा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला असलेल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. विचारणारे भाऊ तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गावच्या शाळेत पहिली ते चौथी मिळून 28 मुलं आहेत आणि शिक्षक दोन. सात किलोमीटरवरच्या मोठ्या गावातली शाळा 240 पटाची. तिथली मुलं दरवर्षी शिष्यवृत्तीच्या यादीत येतात, इथलं आजवर एकही आलं नाही. सरकार तेच, पुस्तकं तीच, शिक्षकांचा पगारही तोच, मग एवढा फरक कशाने? गावात यावर तीन मतं आहेत. म्हातारी माणसं म्हणतात मास्तर शिकवत नाहीत. तरुण म्हणतात स्मार्ट टीव्ही आणि इंग्रजी आणा. काही पालक म्हणतात, ही शाळा बंद करून पोरं आश्रमशाळेत टाकू. ग्रामसभेत पहिल्यांदा मागायचं काय, हा त्यांचा मूळ सवाल.

भाऊ, माझी नोकरी धुळे जिल्हा एकत्र होता तेव्हा धडगावकडच्या पाड्यावर सुरू झाली आणि केंद्रप्रमुख म्हणून शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात संपली. निवृत्तीनंतर चोपडा-यावलच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळांमध्येही जात आलो आहे. त्या सगळ्यावरून सांगतो. इमारत, पैसा, साहित्य यांत फरक आहे आणि तो मागून घेतलाच पाहिजे. पण तुमच्या मुलांचं खरं नुकसान दुसरीकडे होतं. वर्षभरात आपल्या मुलाला, त्याला कळेल अशा भाषेत, त्याच्याच इयत्तेचं शिकवणं किती तास मिळालं, हे कोणीच मोजत नाही. ते मोजलं की तुमच्या गावातली तिन्ही मतं थोडी थोडी बदलतील.

आधी शिष्यवृत्तीच्या यादीबद्दल, कारण त्या यादीमुळे तुमच्या गावाने मान खाली घातली आहे आणि त्याची गरज नाही. ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला असायची. 2017 पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. तुमची शाळा चौथीपर्यंत. म्हणजे इतकी वर्षं तुमच्या शाळेतून त्या परीक्षेला बसायला मूलच नव्हतं. तुमचं हुशार पोरगं पाचवीला मोठ्या गावात गेलं आणि पास झालं असेल, तर त्याचं नाव त्या शाळेच्या खात्यात लागलं. आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झाला आहे, तेव्हा तुमच्या शाळेचाही हिशेब सुरू होईल. तोवर यादीत नाव नाही म्हणून शाळा वाईट, हे गावात कोणी म्हणालं तर त्याला इयत्ता विचारा.

दहावीच्या टक्केवारीचंही असंच. माध्यमिक शाळेच्या फाटकावर 'निकाल 96 टक्के' असा फलक दिसला की मी एकच आकडा विचारतो: दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुलं होती? आठवीपर्यंत गळती कमी दिसते. खरी चाळण नववीत लागते. कच्चं मूल नववीत राहतं, घरी बसतं, कामाला जातं, नाहीतर त्याला 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरायला सांगतात. मग दहावीला उरतात ती निवडलेली मुलं आणि निकाल चांगला लागतो. आठवीतली किती मुलं दहावी पास होऊन बाहेर पडली, हा आकडा फलकावर कधी येत नाही. दोन शाळांची तुलना करायचीच असेल तर ती याच आकड्याने करा.

लहान शाळेच्या बाबतीत टक्केवारी आणखी फसवी. तुमच्या चौथीत सहा मुलं असतील. एक मूल तापाने पडलं की वर्गाचा निकाल सोळा-सतरा टक्क्यांनी खाली. 240 पटाच्या शाळेत तेच मूल कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून लहान शाळेत एका वर्षाचा निकाल बघूच नये. चार-पाच वर्षांची मुलं एकत्र धरावीत आणि शक्य असेल तर नावानिशी बघावं. अठ्ठावीस नावं तर तुम्हाला तोंडपाठ असतील.

आता तासांचा हिशेब. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात 200 दिवस आणि 800 तास शिकवणं व्हायला हवं. सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. मोठ्या गावातल्या शाळेत तिसरीचा वर्ग वेगळा, तिसरीचे गुरुजी वेगळे. तिथल्या मुलाला कागदावर तरी 800 तास मिळतात. तुमच्याकडे चार इयत्ता आणि दोन शिक्षक. प्रत्येक शिक्षकाकडे दोन वर्ग. एकाला पाढे दिले की दुसऱ्याला गणित समजावायचं. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला त्याच्या इयत्तेचे 400 तास. हे दोन्ही शिक्षक रोज शाळेत आहेत असं धरून.

ते नसतात, आणि दरवेळी त्यांच्या इच्छेने नसतात असं नाही. दोनशिक्षकी शाळेत एक जण मुख्याध्यापकाचं काम बघतो. केंद्राची बैठक, तालुक्याचं प्रशिक्षण, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यूडायसची म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणीची माहिती, मतदार यादीचं काम, पुस्तकं आणायला पंचायत समितीची फेरी. माहिती ऑनलाइन भरायची तर पायथ्याच्या गावात रेंज नाही, म्हणून पुन्हा मोटारसायकल काढून वरच्या टेकाडावर नाहीतर शहाद्याला. मोठ्या शाळेत एक शिक्षक असा गेला तर सात वर्गांपैकी एक वर्ग मोकळा राहतो. तुमच्याकडे अर्धी शाळा मोकळी राहते, आणि राहिलेल्या एका शिक्षकासमोर चार इयत्ता बसतात. तो दिवस शिकवण्याचा राहत नाही, सांभाळण्याचा होतो. म्हणून वरिष्ठ कार्यालयात बसून कोणी म्हणालं की '28 मुलांना दोन शिक्षक म्हणजे चौदा मुलांमागे एक, कायद्यात तर तीसला एक आहे, तुम्हाला आणखी काय हवं', तर त्यांना चार इयत्तांचं वेळापत्रक आखून दाखवायला सांगा. मुलांचं प्रमाण बघून लहान शाळा कळत नाही. शिक्षकामागे इयत्ता किती, ते बघावं लागतं.

म्हातारी माणसं म्हणतात मास्तर शिकवत नाहीत. काही शिकवत नाहीत, हे मी नाकारणार नाही. उशिरा येणारे, दुपारी निघणारे मी पाहिले आहेत आणि त्यांच्यावर लेखी तक्रार झालीच पाहिजे. पण तक्रारीआधी त्यांचं दोन आठवड्यांचं हालचाल रजिस्टर बघा. बाहेर गेल्याचं कारण त्यात लिहिलेलं असतं. कारण कार्यालयाचं असेल तर भांडण मास्तरांशी नाही, कार्यालयाशी आहे.

यात भर घाला स्थलांतराची. आपल्याकडचं हजेरीपत्रक वाचायची एक पद्धत मी नव्या शिक्षकांना दाखवायचो. जूनपासून सलग पानं उलटत जायची. जुलै-ऑगस्टमध्ये ओळी भरलेल्या असतात, मध्ये एखादी खाडाखोड. भात-ज्वारीच्या कामात थोडी गैरहजेरी. दसऱ्यानंतर एका ओळीत गैरहजेरी लागायला लागते, मग तिच्याखालच्या ओळीत, मग शेवटून तिसऱ्या ओळीत. नीट पाहिलं तर या तीन ओळींचं आडनाव एक असतं, किंवा पाडा एक असतो. तीच एक टोळी, एकाच मुकादमाची उचल घेतलेली. ट्रक भरून गुजरातकडे ऊसतोडीला गेलेली. तिथून पुढे दिवाळी, नाताळ, संक्रांत, ओळी कोऱ्या. आणि होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजार भरायला लागले की त्याच ओळींत पुन्हा हजेरी. काठी गावच्या होळीला आपली माणसं कुठूनही परत येतात, पोरंही त्यांच्याबरोबर येतात. मग महिना-दीड महिना सकाळची शाळा, चाळीस-बेचाळीसचं ऊन, पत्र्याखालचा वर्ग, आणि वार्षिक परीक्षा.

या मुलाने शाळेच्या 200 दिवसांतले साधारण निम्मे दिवस वर्ग पाहिला. चारशेचे दोनशे तास झाले. मोठ्या गावातल्या त्याच वयाच्या मुलाला 800. चार वर्षांनी दोघांना एकच प्रश्नपत्रिका मिळते आणि आपण म्हणतो पायथ्याच्या पोरांना अभ्यासात रस नाही.

धुळ्याच्या शिंदखेड्याकडे कोरडवाहू गावांतून वीटभट्टीला जाणारी कुटुंबं आहेत, रावेर-यावलला केळीच्या बागांत राबणाऱ्या पावरा आदिवासींच्या वस्त्या आहेत. जिल्हा कुठलाही असो, नकाशावर शाळांचे निकाल आणि मजुरीला जाणारी गावं एकावर एक ठेवली तर फारसा फरक दिसत नाही, असा माझा अनुभव आहे. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्यात सगळ्यात कमी. त्याच वेळी जळगावची 78, धुळ्याची 73 आणि महाराष्ट्राची 82. पण जिल्ह्याच्या सरासरीवर थांबू नका. तुमच्याच तालुक्यात तापीकाठची पपई-केळी-उसाची गावं आणि उत्तरेकडचे पाडे यांत जेवढं अंतर आहे, तेवढं नंदुरबार आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतही नसेल.

आता भाषेकडे येतो, कारण हा मुद्दा कुठल्याही अहवालात दोन ओळींत उरकतात आणि माझ्या मते अर्धं दुखणं इथे आहे.

पायथ्याच्या एका शाळेत चौथीच्या मुलीला मी एक उतारा वाचायला दिला होता. बाजारातून परतताना बैल रस्त्यातच बसतो, अशी काहीतरी साधी गोष्ट. मुलीने झरझर वाचला. जोडाक्षरं बरोबर, पूर्णविरामाला थांबली. शिक्षकांच्या नोंदवहीत तिच्यापुढे वाचन उत्तम असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. मी विचारलं, बैल का बसला? तिने पुस्तकाकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा विचारलं, तर खाली मान. सातवीपर्यंत शिकलेली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन दारात उभी होती. तिला म्हटलं, तू तुमच्या बोलीत विचार. तिने पावरीत विचारलं आणि चौथीवाली हसली. बोलायला लागली ती थांबेचना. बैल दमला होता, गाडीत माल जास्त होता, आणि तिच्या मामाचा बैल घाटात असाच बसतो, मग मामा त्याच्या पुढ्यात पाणी ठेवतो. हे शेवटचं तर उताऱ्यात नव्हतंच.

या मुलीला काय कमी होतं? डोकं नाही, मेहनत नाही. तिला अक्षरं आली होती, मराठी आली नव्हती. आणि कोणी तिच्याशी मराठी शिकवायची भाषा म्हणून बोललंच नव्हतं, मराठी तिला आधीच येते असं धरून पाठ सुरू झाले होते. पावरी, भिलोरी, मावची ही घरं सोडा, अहिराणी घरातल्या मुलालाही पहिलीत 'शे' म्हटलं की 'आहे म्हण' असं दटावलं जातं आणि ते तोंड मिटून बसतं. पण अहिराणीवाल्याला मराठी कानावर तरी पडलेली असते. पावऱ्याच्या पोराला ती पहिल्यांदा शाळेतच भेटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं स्पष्ट आहे. 2021 पासून केंद्राच्या निपुण भारत अभियानातही तिसरीपर्यंत समजून वाचता येण्यावर भर आहे. यातल्या 'समजून' या शब्दाची तपासणी मराठीतून प्रश्न विचारून होते, हीच अडचण.

शिक्षकाला बोली यावी लागते, आणि ती यायला वर्षं लागतात. पहिलं वर्ष कान तयार होण्यात जातं, दुसऱ्या वर्षी तो मोडकं बोलतो, तिसऱ्या वर्षी मुलं त्याला घरच्या गोष्टी सांगायला लागतात. नेमकं तेव्हा त्याची अवघड क्षेत्रातली तीन वर्षं पूर्ण होतात आणि तो बदलीला पात्र ठरतो. 2017 च्या ऑनलाइन बदली धोरणापासून हे चक्र पक्कं झालं. शिक्षकाला दोष देत नाही. त्याचंही घर आहे, म्हातारे आईबाप आहेत, डोंगरात तीन वर्षं काढल्यावर त्याने खाली यावं हे न्यायाचंच आहे. पण त्या न्यायाची किंमत पहिलीतलं मूल मोजतं. त्याच्यासमोर पुन्हा नवा शिक्षक, पुन्हा कान तयार करणं. म्हणून कुठल्याही शाळेत गेलो की मी शिक्षक किती हे विचारण्याआधी, तुम्ही इथे कधीपासून आणि मुलांची बोली कळते का, हे विचारतो.

पैशाचं. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 30 पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये, 101 ते 250 पटाच्या शाळेला 50,000. तुमच्या 28 मुलांना भागलं तर माणशी 357 रुपये पडतात आणि 240 मुलांच्या शाळेत 208. म्हणजे कागदावर तुमची शाळाच श्रीमंत! पण विजेचं बिल मुलं मोजून येत नाही. कुलूप, फळा, पाण्याची टाकी, पत्र्याची दुरुस्ती, एवढ्या गोष्टी 28 मुलांनाही लागतातच. शहाद्याहून साहित्य आणायचं भाडं तुम्हाला जास्त. त्यात अनुदान बरेचदा मार्च जवळ आल्यावर हातात पडतं आणि मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तोवर वर्षभर मुख्याध्यापक खिशातून चालवतात, नाहीतर चालवत नाहीत. बिल थकलं की वीज तोडली जाते. म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं की टीव्हीला माझा विरोध नाही, पण आधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागून बघा. वीज टिकत नसेल तर टीव्ही कपाटात जातो. असे खोक्यातले संच मी पुष्कळ शाळांत पाहिले आहेत.

इंग्रजीबद्दल एवढंच, की ज्या मुलाला मराठीत विचारलेला प्रश्न कळत नाही त्याच्यावर तिसरी भाषा पहिलीतच माध्यम म्हणून लादणं म्हणजे आणखी एक भिंत. भाषा म्हणून इंग्रजी शिकवा, खुशाल शिकवा, ती शिकवायला शिक्षकाचे तास आहेत का तेवढं आधी बघा.

आश्रमशाळेचा विचार गंभीरपणे करायला हवा, कारण तो सांगणारे पालक मूर्ख नाहीत. त्यांना मूल सोडून तोडीला जावं लागतं. आश्रमशाळेत मूल वर्षभर राहतं, दोन वेळ जेवतं, तिथे प्रत्येक इयत्तेचा वर्ग वेगळा असतो. म्हणजे तासांच्या हिशेबात ती वरचढ ठरते. पाचवीपुढच्या मुलांसाठी, विशेषतः ज्यांचं कुटुंब बाहेर जातं त्यांच्यासाठी, मी स्वतः तो सल्ला देतो. पण सगळ्या आश्रमशाळा सारख्या नाहीत. जाऊन बघा. गणित-विज्ञानाचे शिक्षक नेमलेले आहेत की तासिकेवरचे आणि ते जूनमध्येच आले की सप्टेंबरमध्ये, दिवाळीनंतर मुलं किती दिवसांनी परतली, मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका राहते का, रात्री मूल आजारी पडलं तर गाडी कोणती. एवढं विचारलं तरी शाळा कळते. सहा-सात वर्षांच्या पोराला मात्र आईपासून तोडू नका. पहिली-दुसरी गावातच हवी. लहान शाळा मिटवून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव 2023 पासून जोरात आहेत. पाचवीपुढे, गाडीची खात्री असेल तर, त्यात फायदाही आहे. पण एकदा पाड्यावरची पहिली बंद झाली की दुपारी घरी येणारी धाकटी मुलगी आधी शाळा सोडते. हे मी पाहिलेलं आहे.

एक बारीक गोष्ट. आठवीच्या एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. राहण्या-जेवणाची सोय असलेल्या सरकारी निवासी शाळांतली मुलं त्याला पात्र नसतात. तेव्हा त्या यादीवरून आश्रमशाळेची पारख करू नका, आणि तुमचं मूल गावातून ये-जा करून आठवी शिकत असेल तर त्याचा फॉर्म भरायला विसरू नका.

मग ग्रामसभेत काय मागायचं? माझा क्रम सांगतो.

पहिली गोष्ट मागायची नाही, करायची आहे. मुलांच्या आधारवरची नावं आणि जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरशी जुळवून घ्या. शिक्षकांची पदं 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि आधार जुळत नसलेलं मूल वर्गात बसूनही संचमान्यतेत, म्हणजे पदांच्या मंजुरीत, धरलं जात नाही. पट वीसच्या आत गेला तर तुमचं दुसरं नियमित पदच धोक्यात येतं. आपल्या भागात नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख यांचा घोळ इतका असतो की आठ-दहा मुलं अशी सहज गळतात. ऑगस्टमध्ये एक दिवस सगळ्या पालकांना घेऊन आधार केंद्रावर जा.

दुसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी: हंगामी वसतिगृह. आईबाप तोडीला गेले तरी मूल आजी-आजोबांकडे किंवा गावातच राहावं, त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची आणि सकाळ-संध्याकाळच्या अभ्यासाची सोय व्हावी, यासाठी ही योजना आहे. प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून जातो, केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. बहुतेक गावांत तो दिवाळीनंतर तयार होतो, तोवर ट्रक गेलेला असतो. तुम्ही ऑगस्टमध्ये घरोघर जाऊन यादी करा: कोण जाणार, कोणती मुलं, मागे घरात कोण राहणार. मुकादमाची उचल कोणी घेतली आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं, ते शाळेच्या कागदावर आणा. जी मुलं तरीही जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड देऊनच सोडा, म्हणजे तिकडच्या शाळेत ती बसू शकतील आणि परत आल्यावर त्यांना दाखल करून घ्यायला कोणी खळखळ करणार नाही. एक मूल थांबलं म्हणजे त्याला वर्षाचे दोनशे तास परत मिळाले. दहा मुलं थांबवलीत तर दुसरं काही न करताही तुमची शाळा बदलेल.

तिसरी, बोलीचा माणूस. तुमच्या गावात दहावी-बारावी झालेली, पावरी बोलणारी एखादी मुलगी असेलच. पहिली-दुसरीसोबत रोज दोन तास बसायला तिला मानधनावर घ्या. ती शिक्षकाची जागा घेणार नाही. ती गोष्ट बोलीत सांगेल, मुलं बोलीत बोलतील, शिक्षक तेच मराठीत आणतील. तालुक्याच्या अनुसूचित क्षेत्रात येणाऱ्या भागात तुमची ग्रामपंचायत असेल, म्हणजे ती आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्यात येत असेल, तर आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट तुमच्या खात्यावर येतो आणि शिक्षण हा त्याच्या मान्य बाबींपैकी एक आहे. त्यासाठी तेवढा ग्रामसभेचा ठराव लागतो. रस्त्याच्या काँक्रीटवर तो निधी संपण्याआधी हा ठराव करा. तीच मुलगी एक शिक्षक बैठकीला गेल्यावर वर्गही सांभाळेल आणि नव्याने आलेल्या शिक्षकाला पावरीही शिकवेल.

चौथी, शिक्षकांच्या रिक्त जागा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 26 मध्ये मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिक्त ठेवता येत नाहीत असं आहे. तालुक्यातल्या शाळांची मंजूर आणि भरलेली पदं केंद्रनिहाय पंचायत समितीकडून लेखी मागवा. तापीकाठची केंद्रं आणि डोंगराकडची केंद्रं शेजारी शेजारी ठेवली की बाकी बोलावं लागत नाही. एकट्या गावाने हे करू नका. केंद्रातल्या पाच-सहा समित्यांच्या अध्यक्षांनी मिळून सह्या करा.

वीज, पाणी, मुलींच्या स्वच्छतागृहाला नळ, वर्गात पंखा यांची मागणी शाळा विकास आराखड्यात घाला. ती तुमच्या समितीचीच जबाबदारी आहे आणि समितीत 75 टक्के पालक, निम्म्या बाया असतात, त्यांना ही गरज समजावून सांगावी लागत नाही. समितीची बैठक मात्र शाळेच्या वेळात नको, सांजच्याला घ्या. नाहीतर मजुरी बुडवून कोणी येत नाही आणि सह्या घरोघर गोळा होतात.

आणि दर महिन्याला एक काम. अठ्ठावीस मुलांच्या नावांपुढे दोन रकाने काढा: या महिन्यात शाळा किती दिवस भरली आणि मूल किती दिवस आलं. त्याखाली, दोन्ही शिक्षक किती दिवस वर्गात होते. शिक्षकांच्या समोर, त्यांना सोबत घेऊन भरा, पाठीमागून नको. चांगला शिक्षक या कागदाचं स्वागत करेल, कारण बैठकांत त्याचे किती दिवस गेले हे वर दाखवायला त्याच्याकडे दुसरा पुरावा नसतो. जून ते सप्टेंबरचे चार कागद झाले की 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवा. त्यावर ठराव घ्या, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक गटविकास अधिकाऱ्यांना, आणि दोन्हीकडून तारखेसह शिक्का मारलेली पोच घेऊन शाळेच्या फाइलला लावा. पुढचा अध्यक्ष येईल तेव्हा त्याला तिथून पुढे सुरुवात करता येईल.